रेंज भिंतीत अडते, ती बूस्टरने सुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘घरात रेंज येत नाही’ ही तक्रार पूर्वी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीची असे. आता ती पुनर्विकासात मिळालेल्या नव्या फ्लॅटमधून, अगदी बाविसाव्या मजल्यावरूनही येते. माणसे दारात, जिन्यात, बाल्कनीच्या कोपऱ्यात उभी राहून बोलतात. बँकेचा ओटीपी वेळ संपल्यावर येतो. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या आईला फोन लावला तर ‘नॉट रीचेबल’ ऐकू येते, आणि ऑफिसात बसलेल्या मुलीचा जीव टांगणीला लागतो. हा त्रास खरा आहे. मात्र त्यापायी लोक जे उपाय करतात, त्यांतल्या बहुतेकांत पैसे वाया जातात आणि एक उपाय, म्हणजे बूस्टर, तर सरळ बेकायदा आहे. इमारतींच्या आतले नेटवर्क उभारण्याचे काम आम्ही करतो, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण या विषयातला बराचसा घोळ अर्धवट माहितीमुळेच झाला आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी लागते, आणि नेमके तेच कुणी करत नाही. फोनवरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. कितीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपले आपण ठरवते. एकाच जागी, एकाच कंपनीचे सिम घातलेल्या दोन फोनवर एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन दांड्या दिसू शकतात. खरा आकडा असतो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात (त्यातला फरक डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये सांगतात). अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने गेलात की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केले की चाचणीचे पान उघडते. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जी-साठी उणे ८५ उत्तम, उणे ९५ पर्यंत निर्धास्त, उणे १०५ ला कॉल लागतो पण आवाज तुटू लागतो, आणि उणे ११५ च्या खाली फोन फक्त धडपडत राहतो. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते आणि दर १० डीबीला दहावा भाग उरते. म्हणजे उणे ९५ आणि उणे ११५ यांत शंभर पटींचा फरक आहे. दांड्यांवर तो एका दांडीचा दिसतो.

घरातल्या पाच जागा ठरवा : हॉलची खिडकी, हॉलचा मध्य, आतली बेडरूम, स्वयंपाकघर, मुख्य दार. प्रत्येक जागी फोन टेबलावर ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि आकडा लिहा. हे एकदा सकाळी सहाला करा, एकदा रात्री नऊला. शक्य असेल तर एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडाही पाहा. तो दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. १३ च्या वर असेल तर ठीक, शून्याच्या खाली असेल तर वाईट. एवढ्या कागदावरून दुखणे कळते. दोन्ही वेळी आकडा वाईट असेल तर सिग्नल आत पोचतच नाही. आकडा दोन्ही वेळी चांगला, पण रात्री नऊला सगळे मंद, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे घरात काहीही करून फरक पडणार नाही, कंपनीनेच क्षमता वाढवली पाहिजे. आणि डीबीएम उत्तम असून एसआयएनआर पडलेला असेल तर अनेक टॉवर एकमेकांवर आदळत आहेत. ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत.

मुंबईत पहिले दुखणे सर्वांत जास्त दिसते आणि त्याचे कारण बांधकामात आहे. जुन्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या असत, मधल्या भिंती विटांच्या. विटेतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. आता उंच इमारती भराभर उठतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांवर, ज्याला बांधकामावर सगळे मायवान म्हणतात. त्यात बाहेरची आणि आतल्या बहुतेक भिंती स्लॅबबरोबरच एकसंध काँक्रीटमध्ये ओतल्या जातात, आणि प्रत्येक भिंतीत सळ्यांची जाळी असते. इमारत मजबूत होते, गळती कमी होते, पण बेडरूम म्हणजे सळ्यांचा पिंजरा होतो.

याचा हिशेब साधा आहे. मोबाइल कंपन्या आराखडा करताना जे आंतरराष्ट्रीय सूत्र वापरतात, त्यानुसार काँक्रीटच्या एका भिंतीत ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ९ डीबी गमावतात, १८०० च्या १२, आणि ५जी ज्यावर प्रामुख्याने चालते त्या ३५०० च्या सुमारे १९. आता खिडकीबाहेर सगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, उणे ८५ आहे असे धरा. दोन भिंती ओलांडून आतल्या बेडरूममध्ये ९०० चा सिग्नल उणे १०३ च्या आसपास उरतो, म्हणजे कसाबसा कॉल होतो. ३५०० चा उणे १२३, म्हणजे काही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून मुंबईत ५जी आले, लोकांनी नवे फोन घेतले आणि ‘रस्त्यावर झकास चालतो, घरात मेला’ असे म्हणू लागले. फोनचा दोष नाही, उंच बँडचा हा स्वभाव आहे. ७०० मेगाहर्ट्झवरही ५जी आहे, ते आतवर पोचते. पण त्याची रुंदी कमी, त्यामुळे वेग माफक.

खिडकीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे घरमालकाच्या हातात बरेच असते. साध्या काचेत फक्त २-३ डीबी जातात. उन्हाची धग अडवणारी, धातूचा पातळ थर असलेली काच मात्र २३-२४ डीबी खाते, काँक्रीटच्या भिंतीपेक्षाही जास्त. नंतर चिकटवलेली चकचकीत सनफिल्मही धातूचा थर असेल तर हेच करते. डासांची जाळी स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तीही आड येते. फायबरग्लासची किंवा पॉलिएस्टरची घडीची जाळी लावली तर काही अडत नाही. कबुतरांसाठी लावतो ती नायलॉनची जाळी निरुपद्रवी आहे. पावसाळ्यात खिडकीवर ठोकलेला पत्रा, बॉक्स ग्रिलमध्ये रचलेले पत्र्याचे डबे, आरशाच्या दारांचे कपाट खिडकीच्या समोरच्या भिंतीला, हे सगळे त्या घरातल्या सर्वांत चांगल्या वाटेवर आडवे येतात. पाच जागांचे आकडे घेताना एकदा खिडकी सताड उघडून आणि एकदा बंद करून घ्या. १५-२० डीबीचा फरक आला तर चोर काचेत किंवा जाळीत आहे, टॉवरमध्ये नाही.

फोनमधल्या दुरुस्त्या पाच मिनिटांच्या आहेत. विमान मोड दहा सेकंद लावून काढला की फोन नव्याने टॉवर शोधतो. घरात ५जी काठावरचे असेल तर फोन ५जी आणि ४जीमध्ये सतत उड्या मारतो, बॅटरी उतरते आणि कॉल कट होतो. सिमच्या सेटिंगमध्ये पसंतीचे नेटवर्क ४जी किंवा एलटीई करून ठेवा. व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालू हवीच, नाही तर २जी नसलेल्या कंपनीच्या सिमवर बोलणेच होणार नाही. सिम फार जुने किंवा कात्रीने कापलेले असेल तर कंपनीच्या दुकानातून बदलून घ्या. मात्र सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक रोखण्यासाठी तसा नियम आहे. त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नका. फोनच्या मागे चिकटवायचे, ‘रेंज वाढवणारे’ सोनेरी स्टिकर विकले जातात. त्यांचा काहीही उपयोग नाही.

ज्यांच्या घरी फायबरचे इंटरनेट आहे, त्यांच्यासाठी खरा उपाय फोनमध्ये आधीच पडलेला आहे : वायफाय कॉलिंग. भारतात मोठ्या खासगी कंपन्यांनी ते डिसेंबर २०१९ पासून वर्षभरात सुरू केले. कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून, इंटरनेटच्या बंद बोगद्यातून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत जातो. नंबर तोच, समोरच्याला वेगळे काही लागत नाही, जास्तीचे पैसे पडत नाहीत. डेटा लागतो मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे नगण्य. तरी कित्येक घरांत ते बंदच असते.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये कनेक्शन्स किंवा नेटवर्क, मग सिम, मग वायफाय कॉलिंग. आयफोनवर सेटिंग्ज, मोबाइल सर्व्हिस, वायफाय कॉलिंग. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळे चालू करावे लागते, इथे बहुतेक जण चुकतात. काही फोनवर पसंती विचारतात : मोबाइल नेटवर्क आधी की वायफाय आधी. रेंज कमकुवत असलेल्या घरात ‘वायफाय आधी’ निवडा, नाही तर फोन त्या उणे ११५ ला चिकटून बसतो आणि वायफाय शेजारी असून कॉल तुटतो. चाचणी अशी करा : विमान मोड लावा, मग फक्त वायफाय चालू करा, अर्धा मिनिट थांबा. वर कंपनीच्या नावाशेजारी वायफाय कॉलिंगची खूण आली पाहिजे. आता कॉल लावा आणि दुसऱ्या फोनवरून स्वतःलाही लावून पाहा. खूण आली नाही तर फोनमधले व्हीपीएन अ‍ॅप आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करून पाहा. तरीही नाही, तर राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीसेक पासथ्रू (त्या बंद बोगद्याला वाट देणारी सोय) चालू आहे का ते इंटरनेटवाल्याला विचारा. त्यासाठी यूडीपी ५०० आणि ४५०० ही दोन पोर्ट मोकळी लागतात. या दोन आकड्यांत विचारलेत तर तो टाळाटाळ करत नाही.

वायफाय कॉलचा आवाज तुटला की दोष बहुधा राउटरच्या जागेचा असतो. फायबर मुख्य दारातून येते, म्हणून इन्स्टॉलर राउटर दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर किंवा इलेक्ट्रिकच्या फ्यूज-पेटीच्या बाजूला ठोकून निघून जातो. बेडरूम तिथून दोन-तीन काँक्रीट भिंतींपलीकडे. बोलण्यासाठी वायफायचा आकडा उणे ६७ किंवा त्याहून चांगला हवा. राउटर पॅसेजच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, फ्रीज, टीव्हीची मागची बाजू, आरसा आणि माशांची टाकी यांपासून दूर आणा. काँक्रीटच्या घरात २.४ गिगाहर्ट्झ जास्त आत शिरते, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण त्याच खोलीपुरते. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मुंबईच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर असतो, मधली चॅनेल निवडली तर दोन्ही शेजाऱ्यांचा गोंधळ तुमच्या अंगावर येतो.

तरी मागची बेडरूम कोरडी राहिली तर दुसरा राउटर लागेल. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचे स्वस्त रिपीटर आम्ही सुचवत नाही, कारण त्यांच्यापाशी पोचतो तोच सिग्नल मुळात कमजोर असतो आणि ते त्याचा वेगही निम्मा करतात. कॅट-६, म्हणजे नेटवर्कची वायर ओढा. बहुतेक फ्लॅटमध्ये टेलिफोनची किंवा केबल टीव्हीची नळी भिंतीत आधीच असते, तिच्यातून ती जाते. इलेक्ट्रिकच्या नळीतून नेऊ नका. दुसऱ्या टोकाचा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद, नाव आणि पासवर्ड पहिल्याचाच. हे न केल्याने घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि खोली बदलताच कॉल पडतो.

वायफाय कॉलिंगच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घराबाहेर पडताना कॉल वायफायवरून ४जीवर सरकतो, पण त्यासाठी दारापाशी पुरेसे ४जी हवे. नसेल तर कॉल तिथेच संपतो. लिफ्टमध्ये शिरण्याआधी बोलणे आटपा. ओटीपी साधारणपणे वायफायवरून येतो, मात्र यूपीआयची नवी नोंदणी करताना फोन स्वतः एसएमएस पाठवतो, तो अडू शकतो. ते काम खिडकीत उभे राहून करा. आणि ११२ लावायची वेळ आली तर विमान मोड काढा. संकटाच्या कॉलसाठी फोन कुठल्याही कंपनीचा मिळेल तो टॉवर पकडतो.

वीज गेली तर काय, हा प्रश्न मुंबईकर १२ ऑक्टोबर २०२० ला शहरभर वीज गेल्यानंतर विचारू लागले. बारा व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. १०,००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३७ वॉट-तास. राउटर आणि फायबरची डबी मिळून ८ ते १० वॉट घेतात, घट धरून तीन तास निघतात. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे ना, आणि पिन तीच आहे ना, एवढे पाहा. फायबर सरळ घरापर्यंत असेल तर मधल्या वाटेवर वीज लागत नाही. इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे केबलवाल्याच्या स्विचवरून वायर अशी जोडणी असेल तर तो डक्टमधला स्विच बंद पडतो आणि तुमच्या यूपीएसचा उपयोग होत नाही. हे आधी विचारून घ्या.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणखी एक साधी सोय आहे. बऱ्याच फायबर जोडण्यांबरोबर लँडलाइन नंबर मिळतो, फक्त तो कुणी वापरत नाही. डबीच्या मागे फोनचे पोर्ट असते, त्यात पाच-सातशे रुपयांचा साधा टेलिफोन लावा. मोठी बटणे, चार्जिंग नाही, रेंजचा प्रश्न नाही.

आता बूस्टरविषयी, कारण खरे नुकसान तिथे होते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून ऑनलाइनपर्यंत हे डबे मिळतात, आणि केबलवाला किंवा इलेक्ट्रिशियन ‘लावून देतो’ म्हणतो. बाल्कनीत एक अँटेना, हॉलमध्ये दुसरी, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर. ७० डीबीचा बूस्टर सिग्नल एक कोटी पट वाढवतो. तो नीट चालायचा तर आतल्या आणि बाहेरच्या अँटेनांमध्ये ८५ डीबीची तरी आडकाठी हवी. फ्लॅटमध्ये त्या पाच मीटरवर असतात, मध्ये एक भिंत. ९०० मेगाहर्ट्झवर ही आडकाठी जेमतेम ५५ भरते. मग गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर धरला की जी शीळ घुमते, तीच इथे घुमते, फक्त कानाला ऐकू येत नाही. ती थेट टॉवरच्या कानात शिरते. टॉवर दूरच्या फोनचे क्षीण आवाज ऐकत असतो. या गोंगाटात ते बुडतात. तुमच्या हॉलमध्ये चार दांड्या दिसतात आणि आसपासच्या पाच-सहा इमारतींतल्या शेकडो फोनचे कॉल कट होऊ लागतात. त्यांपैकी काही जण आपापले बूस्टर आणतात. अख्खी गल्ली अशी बसते.

खासगी माणसाला असे यंत्र बाळगता, विकता किंवा वापरता येत नाही, फक्त परवानाधारक दूरसंचार कंपनीला येते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. दिशा शोधणारे यंत्र घेऊन आलेल्या सरकारी पथकाला तुमचा मजला सापडायला फार वेळ लागत नाही, कारण शीळ चोवीस तास चालू असते. सोसायटीच्या सेक्रेटरींना कळकळीची विनंती : गच्चीवर किंवा कुणाच्या बाल्कनीत अशी अँटेना दिसली तर वाद न घालता मालकाला हे समजावून सांगा. बहुतेकांना आपण शेजाऱ्यांचे नेटवर्क बंद पाडतो आहोत याची कल्पना नसते.

उंच मजल्यांचे दुखणे निराळे, म्हणून वेगळे लिहितो. टॉवरच्या अँटेना सात-आठ मजली इमारतींच्या गच्चीवर असतात आणि मुद्दाम काही अंश खाली झुकवलेल्या असतात, कारण माणसे रस्त्यावर आणि खालच्या मजल्यांवर आहेत असे गृहीत धरलेले असते. पंचविसाव्या मजल्यावर त्यांच्या मुख्य झोताऐवजी बाजूचे उरलेसुरले सांडलेले किरण येतात. आणि मोकळ्या आभाळामुळे चार-पाच किलोमीटरवरचे, प्रसंगी माहीमच्या खाडीपलीकडचे टॉवरही तितक्याच जोरात दिसतात. फोन दर काही सेकंदांनी टॉवर बदलतो. दांड्या भरलेल्या, आवाज मात्र तुटक. इथे खिडकीत जाऊन उभे राहण्याची सवय उलट पडते. एकाच दिशेला खिडकी असलेल्या खोलीत, खिडकीपासून आठ-दहा फूट आत बसून पाहा. दूरचे टॉवर भिंतीने कापले जातात, एक टिकतो आणि एसआयएनआर सुधारतो. हा तात्पुरता इलाज आहे. पक्का इलाज इमारतीच्या आतले नेटवर्क.

ते काय असते ते थोडक्यात. कंपनीचे यंत्र इमारतीतल्या एका खोलीत बसते, तिथून अर्ध्या इंची जाड केबल डक्टमधून वर जाते, प्रत्येक मजल्यावर किंवा एक मजला सोडून लॉबीच्या छतावर वाटीएवढी अँटेना असते. एका अँटेनातून साधारण ३० मिलिवॉट बाहेर पडतात, तुमच्या फोनच्या कमाल २०० मिलिवॉटपेक्षा कितीतरी कमी. कमिटीने करार करताना काही गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, जोडणी सर्व कंपन्यांना खुली हवी. एकाच कंपनीला मक्ता दिला तर निम्म्या रहिवाशांचा प्रश्न तसाच राहतो. दोन, स्प्लिटर (केबलमधला सिग्नल वाटणारे भाग) आणि अँटेना ३८०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या घ्याव्यात. जुन्या इमारतींत २७०० पर्यंतचे सामान लावलेले आहे, त्यातून ५जीचा मुख्य बँड जातच नाही आणि सगळे उखडून पुन्हा करावे लागते. तीन, केबलचे सांधे. गच्चीजवळच्या डक्टमध्ये पावसाळ्यात पाणी झिरपते, सांधा गंजतो आणि गंजलेला सांधा स्वतःच गोंगाट निर्माण करतो. सप्टेंबरात नेटवर्क बिघडण्याचे हे नेहमीचे कारण. दर मे महिन्यात सांधे तपासण्याची जबाबदारी करारात कंपनीवर टाका. चार, यंत्राची खोली तळघरात देऊ नका. हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला या पाणी तुंबणाऱ्या भागांत हे वेगळे सांगायला नको. पाण्याच्या टाकीखालीही नको. वेगळा मीटर आणि चांगले अर्थिंग हवे. लिफ्टच्या शाफ्टमध्ये आणि पार्किंगमध्येही एकेक अँटेना मागून घ्या. विजेच्या गाड्यांचे चार्जर अ‍ॅपवर चालतात, आणि पोडियमखाली रेंज नसल्याने ते बसवूनही बंद पडून राहतात.

किरणांच्या भीतीने गच्चीवरचा टॉवर काढायला लावणाऱ्या सोसायट्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती चौरस मीटरला ०.४५ वॉट आहे. शंका असेल तर केंद्राच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणी मागवता येते. कानाला लावलेला फोन मात्र टॉवर जितका दूर आणि सिग्नल जितका क्षीण तितक्या जोराने ओरडतो. टॉवर गेला की घराघरातला फोन जास्त शक्तीवर चालू लागतो. चिंता लहान मुलांची असेल, आणि ती असणे स्वाभाविक आहे, तर त्यांच्या कानाजवळचा किरण कमी करण्याची वाट चांगल्या सिग्नलमधून जाते.

कंपनी बदलण्याआधी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला शेजाऱ्याचा फोन आपल्या बेडरूममध्ये आणून त्याच पाच जागांचे आकडे घ्या. कंपन्यांनी आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकणे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, पण ते रस्त्यावरचे चित्र दाखवतात, तुमच्या भिंतीमागचे नव्हे. तक्रार १९८ वर करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ‘नेटवर्क खराब आहे’ एवढेच सांगितले तर फोन रीस्टार्ट करायला सांगून तक्रार बंद होते. पत्ता, विंग, मजला, पाच जागांचे डीबीएम, वेळ आणि खिडकी उघडी-बंद असतानाचा फरक सांगा. उत्तराने समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. वीस फ्लॅटचे आकडे एका कागदावर करून सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवले तर कंपनीचा इंजिनीअर यायची शक्यता एकट्याच्या दहा फोनपेक्षा जास्त.

सर्वांत कळीचा मुद्दा पुनर्विकासाचा. गिरगाव, दादर, चेंबूरचे टिळक नगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, वरळीच्या बीडीडी चाळी, सगळीकडे उंच काँक्रीट उभे राहते आहे. पुनर्विकास ठरवण्यासाठी होणाऱ्या ‘७९ (अ)’ कलमाच्या सभांत चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर तासन्‌तास बोलणे होते, मोबाइलच्या वाटेवर एक ओळही लिहिली जात नाही. बिल्डरशी करार करताना एवढे मागा : टेलिकॉमसाठी स्वतंत्र उभी डक्ट, प्रत्येक मजल्याच्या लॉबीत तिच्यापासून छतापर्यंत रिकामी नळी, प्रत्येक फ्लॅटमध्ये मुख्य दारापासून हॉलच्या मध्यावर आणि प्रत्येक बेडरूममध्ये एकेक नळी, तळमजल्याच्या वर कोरडी यंत्रखोली, आणि गच्चीवर अँटेनासाठी भार धरलेली जागा. स्लॅब ओतण्याआधी याचा खर्च पीव्हीसी नळ्यांइतका आहे. मायवानच्या भिंतीत नंतर खाचा पाडता येत नाहीत, सळ्या कापल्या जातात. इमारतींना डिजिटल जोडणीचे तारांकित मानांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये केले आहेत, पण ते ऐच्छिक आहेत. बिल्डरला ते घेण्याची अट आपण करारात घालू शकतो.

महानगरपालिकेकडे आमची मागणी यापुढची आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना लिफ्ट चालते का, आगीची यंत्रणा आहे का हे तपासले जाते. त्याच वेळी प्रत्येक मजल्यावर, दारे-खिडक्या बंद करून, आतल्या बेडरूममध्ये आणि लिफ्टमध्ये किमान दोन कंपन्यांचा ४जी सिग्नल मोजला जावा आणि तो उणे १०० पेक्षा वाईट असेल तर आतले नेटवर्क उभारेपर्यंत प्रमाणपत्र रोखावे. एका इमारतीच्या मोजणीला दोन माणसे आणि एक दिवस पुरतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर रुग्णवाहिका बोलवायचा फोन त्या आतल्या बेडरूममधूनच जायचा असतो.

आपले विश्वासू,
इमारतींतर्गत नेटवर्कचे काम करणारे काही तंत्रज्ञ, मुंबई